मागच्या बाकावरची शांती

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या मंडळीत येत नाही.

पनवेलमध्ये माझा मांडव-डेकोरेशनचा धंदा आहे. दुसऱ्यांचे बांबू खांद्यावर वाहून सुरुवात केली, आज माझे बांबू दुसरे वाहतात. भाव करण्यात मला कोणी हरवलेलं नाही. आवाज मोठा आहे, मान्य. पण त्या आवाजापायी आमच्याच चर्चचं नाताळाचं लायटिंग माझ्याकडून काढून योहानला द्यावं? सुकापूरच्या योहानला — जो गिऱ्हाईक म्हणेल त्या भावाला मान डोलावतो? पाळकसाहेब म्हणाले, "शमुवेल, तुझ्याशी बोलून झालं की मला गोळी घ्यावी लागते." हे माझ्या मनात रुतून बसलं. अजून आहे.

तर डिसेंबर. लग्नं, सोसायट्यांचे तारे, फार्महाउसच्या पार्ट्या — फोन कानाला चिकटलेला. दुपारी मी चर्चमध्ये जाऊन बसायचो. भिंती जाड, मोबाइलला रेंज नाही, मागच्या बाकावर पंखा. पुढच्या बाकावर कपाळ टेकायचं आणि —

झोपायचो. काय करणार? दिवसभरात तेवढीच शांतता.

पाळकसाहेबांनी पाहिलं. माणूस गुडघ्यावर नाही, पण कपाळ टेकून तासभर हलत नाही! डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे साक्ष असते — देवानं आपलं काय भलं केलं, ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. त्यांनी माझं नाव घेतलं. ज्या माणसानं लायटिंग काढून घेतलं, तोच सगळ्यांसमोर माझं कौतुक करत होता! मग मी सोडतो होय? म्हणालो, "ऐन सीझनमध्ये मी फोन बंद करतो आणि प्रभूच्या पायाशी बसतो. धंदा तो बघतो." सगळे म्हणाले, आमेन. बायको तेवढी हळूच म्हणाली, "प्रार्थनेत घोरता का हो तुम्ही?"

इथवर ठीक होतं. थाप होती, पण कोणाचं काय बिघडलं?

बाहेर चपला घालताना योहाननं माझा हात धरला. डोळ्यांत पाणी. "दादा, मला रात्री झोप लागत नाही. सीझन आला की छाती धडधडते. मला जमेल का हे?"

"का नाही जमणार? फोन बंद करायचा आणि बसायचं."

"किती वेळ?"

"चार तास," मी म्हणालो.

आता तुम्ही म्हणाल, चार तास कुठून आले? अहो, सवय. मी पहिला आकडा नेहमी चढाच सांगतो, समोरचा उतरवून घेतो. योहाननं उतरवला नाही. आयुष्यात त्यानं कधी भाव केलाय?

दुसऱ्या दिवसापासून तो पुढच्या बाकावर. फोन बंद. आणि मी मागे — एक डोळा उघडा. झोप गेली ती गेलीच.

त्याच आठवड्यात कोन गावातल्या फार्महाउसचा राखणदार बाळाराम माझ्या दुकानात आला. ते काम पहिल्यापासून योहानचं, त्याच्या घरातला नाताळ त्यावरच व्हायचा. बाळाराम घामाघूम. "शेट, योहानदादाचा फोनच लागत नाय. मालक माझ्यावर उखडलेत. तुमाला काय ठाव हाय का?"

ठाऊक होतं. चर्च दुकानापासून हाकेच्या अंतरावर. "थांब, बोलावतो" — एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यासाठी माझा आवाजही पुरे होता.

मी म्हणालो — हेच ते, हेच इतकी वर्षं घशात अडकलंय — मी म्हणालो, "योहान आता भक्तीला लागलाय रे. धंदा बंद करतोय तो."

बाळारामनं काम मला दिलं. मी भावही वाढवून घेतला.

नाताळाच्या उपासनेनंतर योहाननं मला मिठी मारली. चेहरा असा निवांत, की मला चीड आली. थाप माझी, आणि शांती याला? "दादा," तो म्हणाला, "कोनचं काम गेलं. पोरांना कपडे नाही घेता आले यंदा. पण झोप लागते आता. काम गेलं ती प्रभूची इच्छा असेल, नाही का?"

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. उत्तर हवं होतं त्याला.

मी म्हणालो, "आमेन."

मी केलं ते देवाच्या नावावर टाकलं, तेही त्याच्याच दारात उभं राहून. योहान आता दर वर्षी साक्ष देतो आणि त्यात माझं नाव घेतो. बायको कोपरानं ढोसते — ऊठ, सगळे बघतायत. मी उठतो, हात जोडतो, बसतो.

कोनचं काम माझ्याकडेच आहे. यंदाचा बयाणाही मी घेतला.