घारीच्या डोळ्यातले ठिपके

माझे व्याही, म्हणजे ज्यांच्या घरी माझी लेक सून आहे ते, अख्ख्या धक्क्यावर ‘घार’ म्हणून ओळखले जातात. काम असं, की खडकाच्या टोकावर पत्र्याच्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसायचं आणि समुद्रात पाकटं कुठे आलीत ते हेरायचं. पाकट म्हणजे पंखांचा चपटा मासा. हंगामात इथून झुंडीनं जातात ती तर दाराच्या फळीएवढाली. खाली बोटीत पंधराएक पाहुणे तोंडात नळी आणि डोळ्यांवर काच लावून तयार असतात. घारीनं पिवळं निशाण डावीकडे हलवलं की बोट डावीकडे, उजवीकडे हलवलं की उजवीकडे. मग मंडळी पाण्यात पालथी पडून खालून जाणारी पाकटं बघतात. माणूस एवढ्या लांब पालथं पडायला का येतो, हे मला अजून उमगलेलं नाही. पण लेक म्हणते, बाबा, तुम्ही गप्प बसा.

यंदाच्या हंगामात मी आठ दिवसांसाठी म्हणून आलो, तर घरात सगळे कुजबुजत होते. सोमवारची फेरी रिकामी आली होती, मंगळवारचीही. पाहुणे नुसती वाळू बघून परतले. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. बोटवाल्या बाईंनी व्याह्यांना शांतपणे सांगितलं होतं, की उद्याही कोरडी गेली तर परवापासून उडता कॅमेरा आणते; तुम्ही घरी आराम करा. आराम हा शब्द व्याह्यांना शिवीसारखा लागला.

जेवण झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

“व्याही, मला पाकटं दिसतात हो. पण ती घरातल्या भिंतीवरही दिसतात.”

मुलीच्या बापानं व्याह्यांच्या डोळ्यांत काय आहे ते सांगू नये. तरी मी म्हटलं, एक डोळा झाकून बघा. त्यात दोन ठिपके निघाले. दुसरा झाकला, तर तीन. मी म्हटलं, नजर फिरवल्यावर जो ठिपका पळतो तो डोळ्यातला, साधी गोष्ट आहे. त्यावर ते म्हणाले, पाकटही पळतंच की. इथे माझी गावच्या शाळेतली अक्कल संपली. पहिल्यापासून हिशेब लावायला बसलो आणि दोघेही जास्तच गोंधळलो.

बुधवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर खडकावर गेलो. बोट खाली घुरघुरत थांबलेली. मला तर अख्खा समुद्र डागाळलेला दिसत होता. व्याही म्हणाले, ढगाची सावली असेल तर पाण्यावरून सरकत येऊन दगडावरही चढते, तिला फसू नका. मी मान डोलावली आणि लगेच एका सावलीला फसलो. तेवढ्यात त्यांनी निशाण डावीकडे उचललं.

“डावीकडे काही नाही,” मी हळूच म्हटलं.

निशाण तसंच हवेत राहिलं.

“नक्की?”

“नक्की कसलं? मला पाकट आणि पोतं सारखंच.”

“मग दिसतंय काय ते सांगा.”

“उजवीकडे काळं काळं, एकामागं एक. संध्याकाळी गुरं घरी येतात ना, तसं. पुढचं वळलं की मागचंही वळतं.”

व्याह्यांनी क्षणभरही विचार केला नाही. डावीकडचं पाकट त्यांना अजून दिसत होतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. पण निशाण उजवीकडे गेलं.

बोट गेली, इंजिन थांबलं, माणसं पाण्यात उतरली. नळ्यांची टोकं तेवढी वर. कितीतरी वेळ काहीच होईना. मग एक हात वर आला, मग दुसरा, आणि बोटीनं भोंगा वाजवला. परत आल्यावर कुणी बारा पाकटं सांगितली, कुणी तीस. एक बाई नुसती रडत होती, आणि आनंदानं रडतेय की नाकात पाणी गेलंय, तेही कुणाला कळेना.

मी मनात म्हटलं, सुटलो. तर हे गृहस्थ तडक बोटवाल्या बाईंकडे गेले.

“मी नाही पाहिली. व्याह्यांनी पाहिली. माझ्या डोळ्यांत ठिपके आहेत.”

बाई माझ्याकडे वळल्या. “तुम्हाला पाकटं ओळखता येतात?”

“नाही बाई. गुरं येतात.”

बाई डोकं धरून बसल्या. ओळखतो त्याला दिसत नाही, दिसतं त्याला ओळखत नाही. खुर्ची द्यायची कुणाला? शेवटी ऑफिसातून आणखी एक खुर्ची वर पाठवली. डॉक्टर म्हणाले, ठिपके वयाचे आहेत, त्यांना औषध नाही, सवय करून घ्या.

आठ दिवसांचे चार महिने झाले. बायको फोनवर म्हणते, मी त्या घरात लेक दिली होती, नवरा नव्हे.

काल मात्र घोटाळा झाला. डावीकडे मला एक पाकट दिसलं, एकटंच, बेताचं. व्याह्यांना मी काही बोललो नाही. आधी मागे वळून शेडच्या भिंतीकडे बघून घेतलं.