जिजाबाईंचा बिडाचा तवा

मोरिवलीत कारखान्यांसमोर जिजाबाईंची खानावळ वीस वर्षं चालू आहे. हिशेब खात्यातून उठून मी रोज एक वाजता तिथे जेवतो.

गेल्या वर्षी जानेवारीत सरकारी खर्चाने काँक्रीटीकरण निघालं आणि रस्ता खोदला गेला. खड्डा ओलांडून कोण येणार? साठ ताटांची बारा झाली. गाळ्याच्या मालकाने विचारलं, "मार्चअखेर गाळा सोडताय ना?"

"मार्च येऊ तर दे," जिजाबाई म्हणाल्या.

खोदकामावर बारवी धरणाकडच्या पाड्यांवरचे चाळीस मजूर होते. जिजाबाईंचं माहेर तिकडचंच. त्यांनी मजुरांना जेवायला बोलावलं आणि कारखान्यातल्या लोकांना वाढत तेच वाढलं: चपाती, बटाट्याची भाजी, वरण. दुसऱ्या दिवशी एकही मजूर फिरकला नाही. सगळे खडीच्या ढिगावर आपापली भाकरीची फडकी सोडून बसले.

"काय गो जिजे, कापूस वाढतेस काय?" मुकादम चांगो खड्ड्यातूनच ओरडला. तो त्यांच्याच पाड्यावरचा. "दुपारभर खडी उचलायची हाय. चपातीवर काय होतंय? तू पाड्याची का कंपनीची?"

"उद्या ये चांगोदादा, मग तोंड उघड."

वीस वर्षांत त्या आपल्याच माणसांचं जेवण विसरल्या होत्या. त्याच संध्याकाळी माहेरून तांदळाचं पीठ आलं, माळ्यावरचा बिडाचा तवा खाली उतरला. दुसऱ्या दिवशी तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी. चाळीस ताटं उठली, मार्चही निघाला.

कॉलेजात आम्हाला गुणक शिकवला होता: सरकारने खर्चलेला रुपया हातोहात फिरतो आणि वाढतो. तो मी इथे पाहिला. मजुराच्या खिशातून जिजाबाईंकडे, तिथून पाड्यावरच्या भातशेतीत.

पण मेअखेर रस्ता झाला, मजूर गेले. पावसाळाभर बाकं अर्धी रिकामी. मालक पुन्हा चकरा मारू लागला. मी जिजाबाईंना म्हटलं, "रस्ता चांगला झालाय. थांबा."

सप्टेंबरात साबणावरचा कर अठरा टक्क्यांवरून पाचावर आला. शेजारच्या साबणाच्या युनिटला मागणी वाढली आणि तिथे दुसरी पाळी सुरू झाली. कर उतरला म्हणून माल खपला, रस्ता होता म्हणून ट्रक थेट गेटाशी लागले. जास्त श्रेय कशाचं, यावर आमच्या खात्यात अजून वाद होतो. मी रस्त्याच्या बाजूने. कर उद्या पुन्हा चढू शकतो, काँक्रीट कुठे जाणार नाही.

नव्या पाळीची सुपरवायझर अनुया पहिल्याच दिवशी म्हणाली, "मावशी, चपाती नको. ती पांढरी भाकरी द्या."

दिवाळीआधी चांगो गटाराच्या कामाला आला, तर बसायला जागा नाही.

"झालीस ना गो कंपनीची?"

"कंपनी पाड्याची झाली, बघ. गप उभा रहा, तवा एकच हाय."

दुसऱ्या दिवशी दुसरा तवा आला. गाळ्याचा करार त्यांनी आणखी पाच वर्षांसाठी वाढवून घेतला. कागद मीच वाचून दिला.