फाईल म्हणजे दोरा

कचेरीत तीस वर्षं काढली की पेन्शनबरोबर किस्सेही मिळतात. पेन्शनला हयातीचा दाखला लागतो, किश्शांना तोही लागत नाही! जुन्नरात आम्ही तिघे-चौघे निवृत्त सकाळी चहाला बसलो, की कोणीतरी 'फाईल' हा शब्द काढतो आणि चहा गार होतो.

हा शब्द मी एकदा मोठ्या इंग्रजी कोशात पाहिला. मूळ लॅटिन, अर्थ दोरा. पूर्वी कागद दोऱ्यात नाहीतर तारेत ओवून टांगत, त्यावरून फाईल. हे मी उत्साहानं आमच्या हेडक्लार्कना, म्हणजे भाऊसाहेबांना, सांगितलं.

"कोश वाचायला वेळ मिळतो? म्हणजे टेबल हलकं दिसतंय!" ते म्हणाले आणि आवक-जावकही माझ्याच गळ्यात घातली.

तेव्हापासून ज्ञान मी घरीच ठेवून जात असे.

* * *

बाजारात इस्माईलभाई टेलरकडे तशी तार आजही आहे. मापाच्या चिठ्ठ्या, प्रत्येकीला कापडाचा तुकडा टाचलेला. मी तीन वर्षांपूर्वीच्या पँटचं माप मागितलं. त्यांनी मशीनवरून न उठता तार ओढली, चिठ्ठी हातात!

"इस्माईलभाई, इंग्रजीत पूर्वी हिलाच फाईल म्हणायचे."

"नको साहेब, तारच म्हना. फाईल म्हटली तर सापडायची नाय!"

* * *

पेठ गावचा माझा भाचा फिटर आहे. वर्कशॉपमध्ये कानशीलाही फाईल म्हणतात. कोश सांगतो, तो शब्द निराळा, जुन्या इंग्रजीतला. लोखंड झिजवायचं हत्यार. दोघांचं नातं काही नाही.

भाच्यानं विचारलं, "मामा, मग तुमच्या फायलीनं काय झिजतं?"

"येणाऱ्याच्या चपला."

* * *

धोंडाबाई पश्चिमेकडच्या डोंगरातल्या. नवरा वारला, भातखाचरं त्याच्याच नावावर. वारस म्हणून यांचं नाव लागलं नाही तर दीर खाचरं गिळणार, हे अख्ख्या गावाला ठाऊक. दोन वर्षं त्या पहिल्या एसटीनं कचेरीत येत होत्या.

त्यांची फाईल हरवली होती. हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. भाऊसाहेबांनी तर हरवलेल्या फाईलच्या शोधाची वेगळी फाईल उघडली होती. ती मात्र कधी हरवली नाही. तिच्यावर ते चष्मा ठेवत!

* * *

मग तपासणी आली. तपासणीची रीत अशी, की साहेब दप्तराची गाठ सोडत नाहीत, वरची चिठ्ठी वाचतात. म्हणून ज्या फायली नव्हत्या त्यांच्या जागी रद्दी बांधायची. कोरं लाल फडकं, वर सुवाच्य अक्षर. अक्षर माझंच, नाकारत नाही.

साहेबांनी 'अभिलेख उत्कृष्ट' असा शेरा लिहिला, सही ठोकली आणि खुशीत एक चिठ्ठी मोठ्यानं वाचली. नेमकं धोंडाबाईंच्या नवऱ्याचं नाव! आणि त्या दारातच उभ्या.

"माझ्या मालकांचं नाव घेतलं! घावली का फाईल?"

"घावली म्हणजे? जागेवरच आहे. सोडा हो गाठ," साहेब भाऊसाहेबांना म्हणाले.

भाऊसाहेब चष्मा शोधायला लागले. शेवटी साहेबांनीच गाठ सोडली. आत वीतभर जुनी वर्तमानपत्रं!

साहेबांनी वर्तमानपत्रं पाहिली. मग आपला शेरा पाहिला. सही वाळली होती. त्यांनी शांतपणे गाठ पुन्हा मारली.

"फाईल परिपूर्ण आहे. आजच वारसाची नोंद धरा."

धोंडाबाईंच्या पिशवीतल्या झेरॉक्स लावून हरकतींची नोटीस तासाभरात निघाली. पुढं महिनाभरात सातबाऱ्यावर नावही चढलं. पण त्या दिवशी निघताना त्या भाऊसाहेबांच्या टेबलापाशी थांबल्या.

"भाऊसाहेब, दोन वर्सं म्हनत व्हता, बाई, कागद कमी हायेत. आन् आज बगितलं तर लई कागद व्हते की वो!"