जानीची श्रुतिका लावली कोणी?

भुतंखेतं, साक्षात्कार... असल्या गोष्टींची मी आयुष्यभर टर उडवली. तीस वर्षं रेडिओवर निवेदिका होते, श्रुतिका लिहिल्या. आवाज कुठून निघतो आणि घरोघरी कसा पोचतो, हे मला कोणी शिकवायला नको. म्हणून तर हे लिहितानाही संताप होतोय.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी जानीची श्रुतिका लिहायला घेतली. जानीचा नवरा बुडाला, होडी तेवढी परत आली. दीर म्हणतो विक, ती ऐकत नाही. आमच्या बोईसरकडच्या माहीमच्या बायका बोलतात तशीच जानी बोलायची. अर्धी झाली तेव्हा रेडिओ केंद्रावरच्या साहेबांना दाखवली. त्यांनी दोन पानं वाचून कागद परत सरकवले.

"मॅडम, हे हाय-नाय चालणार नाही. शुद्ध मराठीत आणा."

म्हणजे जानीनं रडायचंसुद्धा शुद्ध मराठीत! मी कागद उचलले, घरी पेटीत टाकले. पुढं एक ओळ लिहिली नाही, कोणाला वाचूनही दाखवलं नाही.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी, भर दुपारी बोईसरच्या बाजारात सुकट घेत होते. विकणारी घिवली गावची, काशीबाई नाव. ओळख ना पाळख, पण भाव विचारला तशी ती थबकलीच.

"तुमी रेडिओवरच्या ताई ना? परवा राती जानीचं नाटक आयकलं तुमचं."

"कुठलं नाटक?"

"होडीवाल्या जानीचं! तुमीच तं बोलत होत्या. ती दिराला सांगते, होडी विकली तं सकाली उठून बघू कोणाकडं?"

माझं वाक्य... शब्दन् शब्द. पिशवी खाली ठेवावी लागली.

"मग... पुढं काय झालं?"

"आता मलाच इचारता? ती होडी नवी रंगवते, वर सोताचं नाव घालते, नि पोरीला घेऊन दर्यात जाते. आमी सासू-सुना दोघी रडलो."

तिथूनच केंद्रावर फोन लावला. "परवा रात्री गाणी होती, मॅडम. बाईला भास झाला असेल."

भास! दोघींना एकदम? ज्या बायकांसाठी तीस वर्षं बोलले, त्यांचे कानसुद्धा यांना खोटे वाटतात!

घरी येऊन पेटी उघडली. कागद दोऱ्यात बांधलेले, तसेच. दिराच्या भांडणापाशी थांबलेले. कोणी चोरून वाचले म्हणावं, तर तो शेवट कुठून आला? मी तो लिहिलाच नव्हता... आणि खरं सांगते, मला सुचलाही नसता. माझ्या आवाजात तो कोण बोललं, ते मला आजही माहीत नाही.