खिडकीवरचं लायलॅक

मी हे लिहावं की नाही, असं अजूनही वाटतं. आमच्या घरात लिहिणं म्हणजे सही, तीही जपून. कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चुकलंमाकलं तर माफ करा. पण त्या झाडाबद्दल बोलायला मला दुसरं कुणी मिळालं नाही.

इंग्लंडात वॉटफर्डला मी एका काकूंकडे खोली घेऊन राहत होतो. काका जाऊन दोनेक वर्षं झाली होती. त्यांनी लावलेलं लायलॅकचं फुलझाड किचनच्या खिडकीवर इतकं माजलं होतं, की भर दुपारी आत दिवा लावावा लागे. संध्याकाळी चहा टाकताना काकू खिडकीकडे पाहून म्हणत, "अहो, आत या. गारठा पडलाय." मला त्या 'अरे' म्हणायच्या, त्यामुळे हाक माझ्यासाठी नाही हे पहिल्याच दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी मीही बाहेर पाहिलं. पानांच्या काळोखात खांदे पाडून कुणी उभं असावं, तसं दिसत होतं. मग त्या वेळी मी किचनमध्ये जाणं टाळू लागलो.

काकूंच्या मुलाला झाड मुळापासून काढायचं होतं. "आई, इट्स टू डार्क. तू पडशील इथे." शेवटी ठरलं, यंदा नुसती छाटणी. पुढच्या मेमध्ये फुललं तर ठेवायचं, नाहीतर माणसं बोलवायची.

माझे वडील नाशिककडे द्राक्षबागांत छाटणीला जातात. म्हणून मी म्हटलं, "ऑक्टोबरात करतो."

"अरे, ही काय द्राक्षं आहेत?" काकू हसल्या. "पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात. फुलं सुकली की लगेच कापायचं, असं हे सांगायचे."

जूनमध्ये, कापायच्या आदल्या संध्याकाळी, काकू झाडापाशी गेल्या. "उद्या केस कापायचेत. हलायचं नाही. न्हाव्याकडे जायचं म्हटलं की नेहमी कुरकुर."

मी सगळ्यात जाड, जुनी खोडं बुंध्याशी कापली. तिसरा हिस्साच, बाकीची पुढच्या दोन वर्षांत. एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या काढल्या, खालचे दमदार धुमारे राखले. किचनमध्ये ऊन आलं. ओट्यावरचे चहाचे जुने डाग दिसू लागले.

त्या संध्याकाळी काकूंनी चहा टाकला, खिडकीकडे पाहिलं, पण हाक मारली नाही. कप माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "छान कापलंस रे." दुसऱ्या दिवसापासून त्या खिडकीकडे पाठ करून बसू लागल्या. मला मात्र तिथे अजून कुणीतरी आहे असं वाटे. आता त्याला उभं राहायला आडोसा नव्हता, एवढंच.

सप्टेंबरात मी केंब्रिजला आलो. फोनवर काकू माझं जेवणखाण विचारत. झाडाचं मी विचारलं, की म्हणत, "आहे."

मे संपता संपता त्यांच्या मुलाचा फोन आला.

"दोन घोस आलेत. छोटे आहेत, बट आलेत. सो, झाड ठेवतोय." मग म्हणाला, "एक विचारू? काल आई किचनमधून कोणाला तरी सांगत होती, आत या, चहा गार होतोय. मी बाहेर बघितलो, कोणी नव्हता. तू आला होतास का?"