पाणंदीवरचं फाटक

मी पदवीधर झालो तो माझ्या आत्यामुळे. घोटावड्यात आमच्या शेतांमधून बैलगाडीची जुनी वाट जाते, तिला पाणंद म्हणतात. त्या पाणंदीने आत्या मला रोज शाळेपर्यंत सोडायची आणि तशीच पुढे गोठ्यावर जायची. घरात तोवर कोणी दहावीही झालं नव्हतं. चौथीत असताना मी तिला सही शिकवली. महिनाभर पाटीवर गिरवल्यावर ती जमली. वाचता मात्र तिला आजही येत नाही.

आता मी हिंजवडीच्या एका ऑफिसात संगणकावर नव्या सोसायट्यांच्या रस्त्यांचे नकाशे काढतो आणि महाळुंग्यात भाड्याने राहतो. खिडकीतून समोर किराणा दुकान दिसतं, पण मधे सोसायटीची भिंत असल्यामुळे तिथे जायला मोठा वळसा पडतो. ऑफिसातही असलेच रस्ते काढतो. आत शिरतात, गोल फिरतात आणि त्याच फाटकातून बाहेर येतात. शेजारच्या रस्त्याला कुठे मिळतच नाहीत. त्यामुळे पाणंदीवर नव्या सोसायटीचं फाटक बसल्याचं कळलं तेव्हा मला चैन पडेना. रविवारी गावी गेलो.

आत्याची काही तक्रार नव्हती. "रखवालदार पोरगं लई चांगलं हाय. ऊन आसलं की खुर्ची देतंय. निस्ती सही करायची आन् जायाचं."

"कसली सही?"

"वहीत. बाकीच्या अंगठं लावत्यात. मी सही करतिया."

आत्याबरोबर फाटकावर जाऊन मी वही मागितली. रखवालदाराने हसत दिली. ते हसणंही मला कोणी शिकवून ठेवल्यासारखं वाटलं. वरती छापलं होतं, 'व्हिजिटर'. पानोपानी आत्याची सही, शेवटच्या अक्षराला तेच लांब शेपूट. 'कोणाला भेटायचे' या रकान्यात रखवालदाराने हिंदीत लिहिलं होतं, 'भैंस'.

मी ते वाचून दाखवलं तेव्हा आत्या हसली. "मग खोटं काय? तिलाच भेटाय जातिया. यवढं शिकलास ते म्हशीवर शंका घ्यायला व्हय?"

मला हसू आलं नाही. फाटकाशेजारच्या फलकावर सोसायटीचा आराखडा होता. त्यात पाणंद नव्हती, तिच्या जागी बाग होती. वाट ठेवायचीच नव्हती, तर खुर्ची कशाला? उद्या वाट बंद झाली आणि आम्ही विचारायला गेलो, तर हीच वही पुढे येईल. सोसायटीवाले म्हणतील, बाई रोज आमच्या परवानगीने येत होत्या, ही पाहा त्यांची सही.

फोनवर सांगून भागलं असतं, पण फाटकावर दाखवायला तिच्या हातात कागद हवा होता. गाव नकाशाची नक्कल मिळाल्यावर मी पत्र लिहिलं. ते तिला शेजारपाजारचं कोणीतरी वाचून दाखवणारच होतं.

"आत्या, सोबत गावचा नकाशा आहे. तुटक रेघांवर मी लाल पेन्सिल फिरवली आहे, ती आपली पाणंद. आता त्या वहीत सही करू नकोस. रखवालदाराशी भांडू नकोस, तो सांगितलेलं काम करतो. खुर्ची दिली तर बस. वही पुढे केली तर नकाशा दाखव आणि सांग, मी पाहुणी नाही. सोबत तहसीलदारांच्या नावे पाणंद खुली ठेवण्यासाठीचा अर्ज आहे. फक्त त्यावर सही कर. पण त्याआधी मी त्यात काय लिहिलंय ते कोणाकडून तरी वाचून घे. माझ्या सांगण्यावरूनही न वाचता सही करू नकोस. सही शिकवली तेव्हाच हे सांगायला हवं होतं."