कबुलीशिवाय बोलायचं नाही

कबाले गावात एसेझा बसमधून उतरते न उतरते तोच केझियामावशीने विचारलं, "आलीस? मग उद्या कबुली देणार ना?"

"मावशी, बॅग तरी खाली ठेवू दे गं!"

आईला जाऊन वर्ष झालं होतं. उद्या थडग्यापाशी प्रार्थना होती. दफनाच्या दिवशी चर्चच्या मंडळीने एसेझाला बोलू दिलं नव्हतं. उभा जन्म कंपालाच्या रंगमंचावर घालवलेल्या बाईने आधी सर्वांदेखत पापं सांगावीत, मगच आईबद्दल तोंड उघडावं, असा त्यांचा हट्ट. एसेझाला आईबद्दल चार शब्द बोलायचे होते. त्यासाठी केवढा हा जाच!

या डोंगरांत ती असल्या कबुल्या ऐकतच वाढली. सभेत कोणीतरी उठायचं आणि आपलं पाप सांगायचं. पाप आपलं, पण अब्रू जायची शेजाऱ्याची. "बंधूंनो, यूनियाने माझ्या शेतातला घेवडा तोडला तेव्हा मी तिचा द्वेष केला, मला क्षमा करा!" आता यूनियाने काय करायचं? उलट बोलायची सोय नाही. कोणी फारच वाहवत गेलं की वडीलधारे स्तुतिगीत उचलत, मग बोलणाऱ्याने मुकाट खाली बसायचं. एसेझा लहानपणी अंथरूण ओलं करायची, हेसुद्धा 'मी लेकीवर रागावले' या आईच्या कबुलीतून साऱ्या खोऱ्याला कळलं होतं. म्हाताऱ्या बायका अजून तिला पाहून गालात हसत.

संध्याकाळी रताळी सोलताना मावशीने पुन्हा सुरुवात केली. "नाटकात परपुरुषाची बायको झालीस म्हणे."

"राणी झाले होते. आणि राजा तर तिसऱ्या प्रवेशातच मेला."

"तेही पापच."

"मरणं?"

"खोटं मरणं!"

एसेझाने सुरी खाली आपटली. खोटी कबुली देणं तिच्या डाव्या हातचा मळ होता. असे हुंदके काढले असते, की मंडळीतले वडीलधारे योवासीकाका स्वतःच ओक्साबोक्शी रडले असते. पण आईच्या थडग्यापाशी खोटं रडायचं नाही, एवढं तिचं पक्कं होतं.

दुसऱ्या दिवशी थडग्यापाशी काका म्हणाले, "ये बाळ, मन मोकळं कर."

"मोकळंच आहे, काका. नाटकं केली, त्याचा मला पश्चात्ताप नाही. आता माझ्या आईबद्दल..."

काकांनी लगेच गीत उचललं. सगळे गाऊ लागले. एसेझा बसली नाही. तिने त्याच गीतात आपला कसलेला आवाज मिसळला, काकांच्याही वरच्या पट्टीत. हळूहळू साऱ्या मंडळीचे सूर तिच्या मागे चालू लागले. कडवं संपताच तिने हात वर केला. सगळे थांबले. काकांचा एकटा सूर तेवढा पुढे गेला आणि ओशाळून परतला.

"माझी आई कबुलीला उठली की मागचे लोक पुढे सरकून बसायचे," एसेझा म्हणाली. "यूनियाचं चालणं, काकांचं खोकणं, सगळं ती हुबेहूब करून दाखवायची, आणि मग क्षमा मागायची." ती काकांसारखी खोकली. "तुम्ही पोट धरून हसायचात. पुढच्या सभेत हसल्याची कबुली द्यायचात! मला नाटक कंपालात कोणी शिकवलं नाही. इथे शिकवलं, हिने. याला पाप म्हणायचं असेल तर तुम्ही म्हणा, मी म्हणणार नाही."

काकांनी पुन्हा गाण्यासाठी तोंड उघडलं.

"थांब रे योवासी," केझियामावशी डाफरली. "तिचं बोलून होऊ दे." मग भाचीकडे वळली. "आणि तू गं, ताई याची नक्कल करताना असं नव्हती खोकत. आधी घसा खरवडायची, मग खोकायची. सांगायचंच आहे तर नीट सांग."

एसेझाने कपाळाला हात लावला. आईला मेल्यावरही मावशीकडून दिग्दर्शन! मग तिने घसा खरवडला, आणि पुन्हा खोकली.